विषाणू आणि त्यांच्यावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणूंबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्यातले महत्त्वाचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो. कोणी आजारी असेल तर हे वाचत बसण्यापेक्षा आधी डॉक्टरांना गाठा.

विषाणू म्हणजे नेमकं काय? तो जिवंत असतो का?

डीएनए किंवा आरएनएची, म्हणजे जनुकीय माहितीची, साखळी आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच, एवढाच विषाणूचा मूळ ऐवज. काहींना त्यावर आणखी एक स्निग्ध आवरण असतं आणि ते त्यांनी पेशीतून बाहेर पडताना पेशीचंच उचललेलं असतं. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा, कोविडचा साधारण १०० नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून यांपैकी काहीच दिसत नाही.

म्हणूनच विषाणू दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांचा नुसता सुगावा लागला. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या रसानेही निरोगी रोपांना रोग झाला. हा जिवाणू नसून काहीतरी वेगळंच आहे, असं १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी ठामपणे मांडलं. पुढे १९३५ मध्ये वेन्डेल स्टॅनली यांनी त्याच विषाणूचे स्फटिक तयार केले. ते विरघळवून पानावर लावले की रोग पुन्हा हजर.

जिवंत की निर्जीव, हा वाद अजून चालू आहे. पेशीबाहेर विषाणू खात नाही, वाढत नाही, काहीच करत नाही. पेशीत शिरला की काही तासांत स्वतःच्या शेकडो प्रती काढून घेतो. २००३ मध्ये ओळख पटलेला मिमीव्हायरस तर इतका मोठा निघाला की आधी काही वर्षं त्याला जिवाणूच समजत होते. मला हा वाद मुख्यतः व्याख्येचा वाटतो. औषध शोधणाऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण वेगळी आहे: विषाणूकडे स्वतःचं असं फार थोडं असतं. माणसाच्या पेशीत प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं, तर एचआयव्हीकडे फक्त नऊ. बाकी सगळं काम तो आपल्याच पेशीकडून करून घेतो.

अँटिबायोटिक घेतल्यावर विषाणू का मरत नाहीत?

कारण अँटिबायोटिक ज्यावर वार करतं, ते विषाणूत नसतंच. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती बनू देत नाही. विषाणूला पेशीभित्ती नाही. इतर काही अँटिबायोटिकं जिवाणूची प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडतात. विषाणूकडे अशी यंत्रणा नाही, तो आपली वापरतो. फ्लू किंवा सर्दीत अँटिबायोटिक घेतल्याने फायदा शून्य, पण शरीरातल्या जिवाणूंना त्या औषधाला दाद न देण्याची सवय लागते. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टर ठरवतील.

मग विषाणूंवर औषधं इतकी कमी का?

विषाणू आपल्या पेशीची यंत्रणा वापरत असल्याने ती यंत्रणा बंद केली की पेशीही मरते. त्यामुळे त्याच्याकडे जे थोडंफार स्वतःचं आहे, त्यातलं काहीतरी हेरावं लागतं. हे किती नजाकतीने करता येतं, ते असायक्लोव्हिरमध्ये दिसतं. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूवरचं हे जुनं औषध. ते डीएनएच्या एका घटकासारखं दिसतं, पण गोळी घेतल्यावर निष्क्रिय असतं. त्याला कामाला लावण्यासाठी फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट जोडावा लागतो. आपल्या पेशीचं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ते काम जवळजवळ करतच नाही, हर्पीसचं स्वतःचं विकर मात्र झटपट करतं. म्हणजे औषध कामाला लागतं ते मुख्यतः विषाणूने बाधलेल्या पेशीत. तिथे ते विषाणूच्या नव्या डीएनए साखळीत बसतं आणि साखळी पुढे वाढूच देत नाही. शेजारची निरोगी पेशी सुखरूप राहते. या कामात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

दुसरी अडचण वेळेची आहे. फ्लू किंवा कोविडमध्ये त्रास जाणवेपर्यंत विषाणूंची वाढ बरीचशी झालेली असते. म्हणून ही औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतली तरच खरी उपयोगी पडतात.

तिसरी अडचण अशी की एका विषाणूचं औषध दुसऱ्याला सहसा चालत नाही. अनेक विषाणूंवर चालेल असं एकच औषध शोधण्याचे प्रयत्न बऱ्याच प्रयोगशाळांत सुरू आहेत. एक वाट अशी की विषाणूला सोडून, त्याला लागणारं आपल्या पेशीतलं एखादं प्रथिन थोड्या काळासाठी रोखायचं. यात विषाणूला रूप बदलून निसटणं कठीण जातं, पण दुष्परिणामांची भीती वाढते. म्हणून ही वाट अजून फार पुढे गेलेली नाही.

साध्या सर्दीवर औषध का निघत नाही?

सर्दी हा एक रोगच नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६० हून अधिक प्रकार आहेत, शिवाय इतर अनेक विषाणू तीच लक्षणं देतात. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला ओळखत नाही. त्यात आजार आठवड्यात आपोआप बरा होणारा, त्यामुळे जराही धोक्याचं औषध देणं योग्य ठरत नाही.

विषाणूचा आजार औषधाने पूर्ण बरा होतो, असं एखादं तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही. हिपॅटायटिस सी. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतो, शेवटी सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) किंवा यकृताचा कर्करोग होतो. तो १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर बरीच वर्षं रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागत, त्यांचा ताप, अंगदुखी, नैराश्य सोसावं लागे, आणि एवढं करूनही अनेकांचा विषाणू जात नसे. चार्ल्स राइस आणि इतरांनी हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवण्याच्या पद्धती बसवल्या, तेव्हा कुठे त्याच्या विकरांवर औषधं पारखता येऊ लागली. २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर हे औषध आलं. आता ८ ते १२ आठवडे रोज गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या शरीरातून विषाणू कायमचा जातो. राइस, हार्वे ऑल्टर आणि मायकल हॉटन यांना २०२० चं नोबेल या विषाणूच्या शोधासाठीच मिळालं.

तरीही जगात सुमारे ५ कोटी लोक या विषाणूसह जगताहेत, आणि त्यातल्या अनेकांना ते माहीतही नाही. औषध तयार आहे, तपासणी होत नाही. विज्ञानाने आपलं काम केल्यावर ते लोकांपर्यंत पोहोचू नये, याची खंत वाटते.

हिपॅटायटिस सी बरा होतो, मग एचआयव्ही का नाही?

कारण एचआयव्ही आपल्या डीएनएत स्वतःची प्रत कायमची बसवतो. काही पेशींत ही प्रत वर्षानुवर्षं गप्प राहते. औषधं वाढणाऱ्या विषाणूला थांबवतात, झोपलेल्या प्रतीला हातही लावू शकत नाहीत. औषध बंद केलं की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परत येतो.

पूर्ण बरे झालेले रुग्ण आहेत, पण मोजके. पहिले टिमोथी रे ब्राउन. त्यांना रक्ताचा कर्करोगही होता. त्यासाठी २००७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांना रक्त घडवणाऱ्या मूळपेशी दिल्या गेल्या, त्या अशा दात्याच्या ज्याच्या पेशींवर एचआयव्हीला लागणारं सीसीआर५ हे प्रथिन जन्मतःच नव्हतं. हा उपचार इतका जोखमीचा आहे की कर्करोग नसलेल्या माणसावर तो करणं चूक ठरेल. जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने पेशीतली विषाणूची प्रत छाटून काढण्याची माणसांवरची पहिली चाचणीही झाली आहे. उपचार सुरक्षित वाटला, पण नेहमीची औषधं थांबवल्यावर विषाणू परत आला.

लागण रोखण्यात मात्र मोठी झेप पडली आहे. एचआयव्हीच्या जनुकांभोवती निमुळतं कवच असतं. ते सुमारे दीड हजार प्रथिनांच्या जोडणीतून बनतं. त्यावर औषध सापडणार नाही, असं बराच काळ मानलं जायचं. लेनाकापाव्हिर या कवचालाच चिकटतं, आणि शरीरात इतका काळ टिकतं की वर्षातून दोन इंजेक्शनं पुरतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामध्ये झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणी आणि किशोरवयीन मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. निकाल २०२४ मध्ये आला, २०२५ मध्ये अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ही लस नव्हे, इंजेक्शन घेत राहावं लागतं. पण लागण टाळणारी रोजची गोळी घराघरांत लपवून घ्यावी लागणाऱ्या मुलींसाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि हेही लक्षात ठेवा: औषधं नियमित घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे.

कोविडची लस वर्षभरात तयार झाली, हे घाईचं काम नव्हतं का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. त्याची सुरुवात कोविडच्या अर्ध्या शतकाआधी होते.

आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांना गाठतो. १९६० च्या दशकात फॉर्मालिनने विषाणू मारून त्याची लस अमेरिकेत बनवली आणि मुलांवर तिची चाचणी घेतली. लस घेतलेल्या मुलांना पुढे खरी लागण झाली, तेव्हा आजार उलट जास्त तीव्र झाला. बहुतेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोन बाळं दगावली. पुढे कित्येक दशकं आरएसव्हीच्या लसीला हात लावायला कोणी धजावत नव्हतं.

नेमकं काय बिघडलं, ते उलगडायला विषाणूचं एक प्रथिन अणूपर्यंत पाहावं लागलं. आरएसव्हीच्या पृष्ठभागावर एफ नावाचं प्रथिन असतं. ते दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं ताणात असतं. पेशीला भिडलं की उसळून लांब होतं आणि विषाणूला पेशीत ओढून नेतं. म्हणजे याची रूपं दोन, उसळण्याआधीचं आणि नंतरचं. विषाणूला खरोखर अडवणारी जोरकस प्रतिपिंडं (विषाणूला चिकटणारी शरीराची बचावाची प्रथिनं) मुख्यतः पहिल्या रूपाला चिकटतात. आणि पहिलं रूप अतिशय नाजूक, जरा धक्का लागला की उसळून दुसऱ्या रूपात जातं. फॉर्मालिनच्या लसीत ते दुसऱ्या रूपातच होतं. मुलांच्या शरीराने भरपूर प्रतिपिंडं बनवली, पण ती चुकीच्या रूपाविरुद्ध.

२०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रूपाची रचना उलगडली आणि मोजक्या जागी बदल करून ते त्याच रूपात बांधून ठेवलं. मग मॅक्लेलन आणि ग्रॅहम यांच्या गटांनी तीच युक्ती मर्स या कोरोनाविषाणूच्या काटेरी प्रथिनावर वापरली. त्याच्या साखळीत ठरावीक ठिकाणचे दोन घटक काढून तिथे प्रोलीन हा ताठर घटक घातला, आणि प्रथिन उसळायचं थांबलं.

जानेवारी २०२० मध्ये कोविडच्या विषाणूची जनुकीय साखळी जाहीर झाली, तेव्हा प्रोलीन कुठे घालायचे हे आधीच माहीत होतं. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत तेच दोन प्रोलीन आहेत. या एम-आरएनए लसी, म्हणजे त्या प्रथिन नव्हे, तर ते बनवण्याची आरएनएत लिहिलेली कृती टोचतात. दुसऱ्या बाजूला, आरएनए शरीरात टोचल्यावर होणारी जोरदार दाहक प्रतिक्रिया कशी शमवायची, ते कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं. त्या वेळी त्या कामाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २०२३ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. चाचण्याही वगळल्या नाहीत: हजारो स्वयंसेवकांवर त्या झाल्या. वेळ वाचला तो चाचण्यांचे टप्पे एकमेकांना जोडून घेतल्याने आणि निकालाआधीच उत्पादनावर पैसा लावल्याने. साथही इतकी पसरली होती की लस आणि बिनलस गटांतला फरक दिसायला फार वाट पाहावी लागली नाही.

गोळीची कथाही तशीच. कोविडवरच्या पॅक्सलोव्हिडचं मूळ २००३ मध्ये सार्स या दुसऱ्या कोरोनाविषाणूच्या साथीच्या काळात फायझरमध्येच बनवलेल्या एका रेणूत आहे. सार्स ओसरला, रेणू कपाटात गेला, २०२० मध्ये बाहेर आला. ज्या कामाचा आज काही उपयोग दिसत नाही, तेच काम सतरा वर्षांनी माणसं वाचवतं. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एम-आरएनए लसींचे २२ प्रकल्प गुंडाळले, तो निर्णय मला घातक वाटतो.

आणि आरएसव्ही? २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी आणि गर्भवतींसाठी त्याच्या लसी मान्य झाल्या. बाळांसाठी एकदा टोचलं की महिनोन्महिने टिकणारं निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडही आता मिळतं.

एम-आरएनए लसीने आपला डीएनए बदलतो का?

नाही. हा आरएनए पेशीकेंद्रकात जात नाही, डीएनएत स्वतःला बसवण्यासाठी लागणारी विकरं त्यात नाहीत आणि थोड्याच काळात तो विरघळून जातो. दुष्परिणाम मात्र शून्य नाहीत. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार क्वचित दिसले, मुख्यतः किशोर आणि तरुण मुलग्यांत, बहुधा दुसऱ्या मात्रेनंतर. ते उघडपणे नोंदवले गेले आणि सल्ले त्यानुसार बदलले गेले.

फ्लूची लस दरवर्षी का घ्यावी लागते? एकदाच घेता येईल अशी लस येणार का?

फ्लूचा विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा वरचा गोल भाग सतत बदलत राहतो, आणि आपली प्रतिपिंडं बहुतेक तिथेच चिकटतात. शिवाय त्याची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवाच विषाणू निघतो. १९५७ आणि १९६८ च्या महासाथी अशाच आल्या.

त्या प्रथिनाचा खालचा देठ फारसा बदलत नाही. शरीराला त्या देठाकडे लक्ष द्यायला लावायचं, हा सर्वंकष लसीमागचा एक विचार. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत देठाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. ती प्रत्यक्षात आजार रोखतात का, हे सिद्ध व्हायचं आहे.

एचआयव्हीच्या लसीत याहून चिकाटीचं काम चालू आहे. दुर्मीळ, पण अनेक प्रकारांच्या एचआयव्हीला रोखणारी प्रतिपिंडं काही रुग्णांत वर्षांनंतर तयार होतात. ती ज्या पेशींतून येतात, त्या पेशींना पहिल्या मात्रेने जागं करायचं आणि पुढच्या मात्रांनी टप्प्याटप्प्याने घडवत न्यायचं. या पहिल्या पायरीच्या चाचणीत लस दिलेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या पेशी जाग्या झाल्या. पुढच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, पण या दिशेला मला खरी आशा दिसते.

विषाणूचा आजार बरा झाला की विषय संपतो ना?

नेहमी नाही. अलीकडच्या संशोधनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच आहे.

एपस्टाइन-बार विषाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढाला कधीतरी होऊन गेलेला असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी आणि जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पाहिले गेले. या विषाणूची लागण झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होण्याचा धोका ३२ पट वाढलेला आढळला. लागण झालेल्या प्रत्येकाला तो आजार होत नाही, अगदी थोड्यांनाच होतो. पण ती लागण टळली तर आजार टळेल का, हा प्रश्न आता गांभीर्याने घेतला जातोय आणि त्या विषाणूवरच्या लसींच्या चाचण्या चालू आहेत.

एचपीव्हीबाबत उत्तर मिळालेलं आहे. या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्वीडनमधल्या सुमारे १७ लाख मुली आणि स्त्रियांच्या नोंदींत, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. मुलगी लहान आहे, एवढ्यात कशाला, असं म्हणून ही लस पुढे ढकलू नका. लागण होण्याआधी घेतली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

नागीण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध तर एका तारखेमुळे उघड झाला. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे त्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे जन्मलेली माणसं बाकी सर्व बाबतींत सारखी, फरक फक्त लसीच्या हक्काचा. एरवी लस घेणारी माणसं मुळातच तब्येतीला जास्त जपणारी असतात, म्हणून तुलना फसते. इथे ती पळवाट बंद झाली. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाची नवी निदानं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली होती. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. लस नेमकी कशी मेंदूला वाचवते, ते शोधणं चालू आहे.

डेंग्यूला लस आणि औषध का नाही?

लसी आहेत, पण अडचण विचित्र आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धची अपुरी प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला उलट पेशीत शिरायला मदत करू शकतात, त्यामुळे दुसरी लागण जास्त गंभीर ठरू शकते. पहिल्या मान्य लसीने हेच केलं: आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत तिने धोका वाढवला. म्हणून लस चारही प्रकारांवर सारखी चालावी लागते.

दुसरा मार्ग डासाचा. वोल्बाकिया हा जिवाणू डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या शरीरात असला की त्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहराचे भाग पाडून काहींमध्ये असे डास सोडले गेले. तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होणं ८६ टक्क्यांनी कमी झालं. फवारणी न करता, विषाणूला डासातच अडवून मिळालेलं हे यश आहे.

सगळे विषाणू वाईटच असतात का?

मुळीच नाही. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात सुमारे एक कोटी विषाणू असतात, आणि त्यातले बहुतेक फक्त जिवाणूंना मारतात. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचा आहे. त्यातलंच एक जनुक आज गर्भाची वार घडवायला मदत करतं.

जिवाणू खाणाऱ्या या विषाणूंना फाज म्हणतात. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर फाज वापरून काही रुग्ण वाचले आहेत, पण प्रत्येकासाठी योग्य फाज शोधावा लागत असल्याने मोठ्या चाचण्या करणं अवघड जातं. निरुपद्रवी केलेले विषाणू वाहक म्हणून वापरून जनुकीय आजारांवर उपचारही होतात. आणि क्रिस्पर मुळात जिवाणूंचं विषाणूंविरुद्धचं हत्यार. दही-योगर्टच्या एका जिवाणूवर २००७ मध्ये झालेल्या प्रयोगात हे सिद्ध झालं.

प्रयोगशाळेत नवे विषाणू बनवतात म्हणे. हे धोक्याचं नाही का?

काही काम धोक्याचं आहे, आणि त्यावर वैज्ञानिकांतच मतभेद आहेत. प्राण्यांचा विषाणू माणसांत सहज पसरेल असा मुद्दाम बदलणारे प्रयोग करावेत का, यावर २०११ पासून जोरात वाद चालू आहे. माझं मत असं की अशा प्रयोगांना स्वतंत्र तपासणी आणि कडक प्रयोगशाळा हवीच. ज्यातून मिळणारी माहिती सुरक्षित मार्गानेही मिळू शकते, ते प्रयोग करू नयेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एका छोट्या फाजचे संपूर्ण जनुकसंच लिहून घेतल्याचं जाहीर केलं. त्यातले १६ प्रत्यक्षात चालले, म्हणजे जिवाणूंना मारू शकले. त्या संगणकीय प्रारूपाच्या शिक्षणातून माणसांना बाधणारे विषाणू आधीच वगळले होते. ही खबरदारी प्रत्येकाने घ्यायला हवी, आणि तशी सक्ती आज सर्वत्र नाही.

पुढची महासाथ कोणती? ती आधी कळेल का?

नाव सांगता येणार नाही, पण नजर कुठे ठेवायची ते माहीत आहे. एच५एन१ बर्ड फ्लू १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना झाला, सहा दगावले. मार्च २०२४ मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गायींत सापडला. माणसापासून माणसाला तो अजून सहज लागत नाही. पक्ष्यांचे फ्लू ज्या शर्करेला चिकटून पेशीत शिरतात, ती आपल्या नाका-घशात कमी असते, हे त्यामागचं एक कारण. पण विषाणू सस्तन प्राण्यांत जितका जास्त फिरेल, तितक्या त्याला बदलायच्या संधी मिळतात. १९९८-९९ मध्ये मलेशियात पहिल्यांदा दिसलेल्या निपाहवरही अजून मान्य लस नाही. चाचण्या चालू आहेत.

आगाऊ सूचना मिळवण्याचं साधं आणि स्वस्त साधन म्हणजे सांडपाणी. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, एकाही मुलाला लकवा होण्याआधी. त्यावरून तिथल्या मुलांना जादा मात्रा दिल्या गेल्या.

हात धुणं, मास्क, खिडक्या उघडणं यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण विषाणूप्रमाणे. ज्यांना स्निग्ध आवरण असतं, ते फ्लू, कोविड वगैरे साबणाने आणि अल्कोहोलने फुटतात. नोरोव्हायरसला ते आवरण नाही, त्यामुळे उलट्या-जुलाबांच्या साथीत नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाण्याने हात चोळून धुवावे लागतात. श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंसाठी हवा खेळती असणं सर्वांत मोलाचं. बंद खोलीत गोवर झालेला माणूस येऊन गेला, तरी दोन तासांपर्यंत तिथली हवा लागण देऊ शकते.

देवीसारखे इतर विषाणूही कायमचे संपवता येतील का?

काही येतील. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. गुरांचा रिंडरपेस्ट २०११ मध्ये संपला. दोन्हींत समान गोष्टी तीन: लपून राहायला दुसरा प्राणी नाही, लस टिकाऊ, आणि रोग दिसताक्षणी ओळखता येणारा. फ्लू पक्ष्यांत राहतो, त्यामुळे तो संपवता येणार नाही.

पोलिओ अगदी काठावर आहे. नैसर्गिक पोलिओच्या तीन प्रकारांपैकी दोन संपले. तिसरा पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात उरला आहे. अडचण अशी की तोंडावाटे द्यायच्या लसीतला दुबळा विषाणू, जिथे लसीकरण कमी तिथे, माणसामाणसांतून फिरत राहिला तर बदलत बदलत पुन्हा लकवा करू शकतो. म्हणून दुसऱ्या प्रकारासाठी लसीचा विषाणू नव्याने घडवला गेला: त्याच्या आरएनएत असे बदल केले की मूळ घातक रूपाकडे परतायला त्याला फार अवघड जावं. मार्च २०२१ पासून ही लस साथींत वापरली जात आहे आणि जुन्या लसीपेक्षा ती बरीच स्थिर ठरली आहे. पण ज्या भागांत मुलांपर्यंत कोणतीच लस पोहोचत नाही, तिथे तिच्यातूनही असे बदललेले विषाणू अधूनमधून निघाले आहेत. तिथे नव्या रेणूपेक्षा दारोदार जाणारी आरोग्यसेविका आणि तिला सुरक्षितपणे फिरू देणारा परिसर यांचीच जास्त गरज आहे.